विटेची उशी

काल संध्याकाळी आम्ही एसी बंद केला.

ही काय बातमी झाली, असं दुबईबाहेरचा माणूस म्हणेल. म्हणू दे. मे महिन्यापासून डोक्यावर घुं घुं करणारी ती पेटी ऑक्टोबरच्या शेवटी एका संध्याकाळी गप्प होते, आणि सहा महिने न हललेली खिडकीची कडी लाटण्याने ठोकून ठोकून उघडावी लागते. खिडकी उघडली की आधी बारीक वाळू आत येते. मग खालच्या उडप्याचा सांबार, मग बसचा ब्रेक, मग पलीकडच्या बिल्डिंगमधल्या मल्याळी बाईंचं फोनवरचं भांडण, आणि सगळ्यांत शेवटी वारा. माझा नवरा मकरंद दरवर्षी एकच वाक्य म्हणतो, "चला, सुटलो बुवा." आणि मी दरवर्षी परात काढते. आमच्या ह्या करामा भागात एसी बंद झाला की दिवाळी आली, पंचांग बघायची गरज नाही.

कडी ठोकताना मला दरवर्षी श्रीधरकाका आठवतात. यंदा जरा जास्तच आठवले, कारण अमेरिकेत पुन्हा निवडणूक आलीय आणि टीव्हीवर तेच दोन रंग, तोच आरडाओरडा चालू आहे. आठ वर्षांपूर्वीही अशीच खिडकी उघडी होती, असाच वेलचीचा वास होता आणि अशीच निवडणूक होती. त्या दिवाळीत एका अमेरिकन नागरिकाचं मत माझ्या हातून हरवलं. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. आता बोला.

काका आमच्या समोरच्या दारात राहायचे. मूळचे साताऱ्याचे, तरुणपणी मिशिगनला गेले, तिथलेच नागरिक झाले, आणि साठी जवळ आल्यावर नोकरीसाठी दुबईत आले. त्यांचं काम गटारांचं. म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारे नाले कुठून कसे न्यायचे, त्याची आखणी. "जिथे वर्षातून चार दिवस पाऊस पडतो तिथे मी पावसाची गटारं आखतो," ते म्हणायचे, "आणि जिथे सहा महिने बर्फ वितळत असतो तिथल्या लोकांनी पैसे नाहीत म्हणून मला काढून टाकलं." रस्त्याने चालताना त्यांचं लक्ष कायम खाली. दुकानांच्या पाट्या आम्ही वाचायचो, काका जाळ्या बघायचे. नलूकाकू, त्यांची बायको, म्हणायची, "लग्न ठरवायला आले तेव्हा मला नाही बघितलं यांनी. आमच्या अंगणातला उतार बघितला."

खाली टपरीवजा हॉटेलात कडक चहा एक दिरहमला मिळायचा. आम्ही सगळे मनातल्या मनात त्याचे रुपये करायचो, बारा-तेरा रुपये. काका त्याचे आणखी पुढे डॉलर करायचे आणि मग आनंदाने दुसरा मागवायचे. त्यांच्या अमेरिकन पासपोर्टमुळे बिल्डिंगचा पठाण वॉचमन त्यांना 'अमरीकी साब' म्हणायचा, आणि काका त्याला हात जोडून म्हणायचे, "भाई, मैं सातारा का हूँ."

त्या सप्टेंबरात सगळीकडे काहीतरी कोसळायला लागलं. आधी अमेरिकेतल्या बँका, मग पेपरात रोज नवीन आकडे, मग हळूच आमच्याकडे. आमच्या खिडकीतून सात क्रेन दिसायच्या. एके दिवशी लक्षात आलं की त्यातल्या तीन बरेच दिवस एकाच दिशेला तोंड करून उभ्या आहेत. ऊद मेथा भागात माझी शाळा, तिथे मला हे वर्गात कळायचं. सकाळी हजेरी घ्यायची. एकेक नाव वाचायचं, "प्रेझेंट मॅम," "प्रेझेंट मॅम," आणि मधेच एका नावाला काही उत्तरच नाही. मागून कुणीतरी सांगायचं, "मॅम, शी वेंट बॅक टू इंडिया." निरोप नाही, काही नाही. बाबांची नोकरी गेली की व्हिसा गेला आणि व्हिसा गेला की शाळा गेली. मग ऑफिसातून दाखल्याची चिठ्ठी यायची आणि मी लाल पेनने त्या नावावर रेघ मारायची.

आठवीच्या वर्गात मी तेव्हा 'निवडणूक' हा धडा शिकवत होते आणि हौसेने वर्गातच एक निवडणूक घेतली होती. दोन उमेदवार, एकाची निशाणी पेन्सिल, दुसऱ्याची खोडरबर. अनिशा नावाची एक चुणचुणीत मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅम, व्हॉट इफ आय डोन्ट लाइक आयदर?" मी मोठ्या थाटात म्हटलं, "देन चूज द लेस बॅड वन." शाळेत टीचरने दिलेलं उत्तर बरोबरच असतं. अनिशा बसली, पण तिचं तोंड काही पटल्यासारखं नव्हतं.

ही गंमत मी संध्याकाळी काकांना सांगितली. काका आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. ते हसलेच नाहीत. म्हणाले, "टीचरबाई, त्या पोरीला माझ्याकडे पाठवा. मला तिचा प्रश्न पंचवीस वर्षं पडलाय."

अमेरिकेत खरे पक्ष दोनच. एकाची खूण हत्ती, दुसऱ्याची गाढव. काका आधी बरीच वर्षं हत्तीवाल्यांना मत द्यायचे. मग त्यांच्या गावातला गाड्यांचा कारखाना बंद पडायला लागला, हत्तीवाल्यांनी काही केलं नाही, म्हणून काका गाढववाल्यांकडे गेले. त्यांनीही भाषण केलं, हात हलवला आणि गेले. कारखाना बंद तो बंदच. गावाचा कर आटला, नाले तुंबले, लोकांच्या तळघरात पाणी शिरायला लागलं आणि ते बघणारा इंजिनिअर म्हणजे काका घरी बसले. आणि आता, त्या ऑक्टोबरात, वर्षानुवर्षं एकमेकांच्या झिंज्या उपटणारे ते दोन्ही पक्ष बँका वाचवायला मात्र हातात हात घालून उभे राहिले. काका पेपर घडी घालून म्हणाले, "बघा. ह्यांना जमतं. आमच्यासाठी नाही जमत, एवढंच."

"पण काका," मी माझा शिक्षकी आवाज लावला, "दगडापेक्षा वीट मऊ असं म्हणून तरी..."

"तेच! तेच करतोय मी!" काका स्टुलावरून उठलेच. "दर चार वर्षांनी दोघं जण येतात. एकाच्या हातात दगड, दुसऱ्याच्या हातात वीट. म्हणतात, निवड. मी शहाण्यासारखी वीट घेतो, उशाला ठेवतो आणि चार वर्षं मान धरून बसतो. पुन्हा दोघं हजर. अहो, माणसाला झोपायला उशी लागते! पंचवीस वर्षांत एकालाही उशी आणायची बुद्धी होऊ नये?"

"मान वाकडं झोपल्यामुळे धरते," काकू पुऱ्या लाटता लाटता म्हणाली. "उडदामाजी काळे गोरे. द्या सोडून."

पण मी सोडून देणारी नव्हते. का, ते सांगते. मला मत नव्हतं. ठाण्याच्या मतदारयादीतून माझं नाव केव्हाच उडालं होतं, कारण तेव्हाचा नियमच तसा होता, परदेशी राहायला गेलात की यादीतून खलास. इथे तर मी पाहुणी. म्हणजे वर्षानुवर्षं मी पोरांना 'मत हा नागरिकाचा सर्वांत मोठा हक्क' असं फळ्यावर लिहून दाखवते आणि मला ना तिथे मत, ना इथे. आणि समोरच्या दारात हा माणूस! ह्याला घरपोच मतपत्रिका येते, अर्ध्या जगावरून, आणि हा ती फ्रिजवर ठेवतो, वर आंब्याच्या लोणच्याची बरणी! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

माझ्याहूनही जास्त जीव त्या मतावर त्यांच्या मुलीचा होता. श्रुती तेव्हा पंचविशीची, मिशिगनमध्येच नोकरी करायची आणि नोकरी सुटली की गाढववाल्यांसाठी दारोदार फिरायची. थंडीत टोपी घालून, हातात यादी घेऊन, लोकांची दारं ठोठावत. शुक्रवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, काका फोन स्पीकरवर टाकायचे आणि दोन घरं मिळून ऐकायची. एरवी काका "जेवलीस का" विचारायचे आणि श्रुती "येस बाबा" म्हणायची. त्या ऑक्टोबरात मात्र दुसरंच.

"बाबा, धिस टाइम इट्स डिफरंट."

"हे वाक्य मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ऐकतोय, बाळ."

"सो यू वोन्ट व्होट? आय ॲम नॉकिंग ऑन स्ट्रेंजर्स' डोअर्स, अँड माय ओन फादर वोन्ट व्होट?"

मग श्रुती मराठीत बोलली. ती मराठीत बोलली की समजायचं, गोष्ट गंभीर आहे. "बाबा, माझ्यासाठी तरी टाका. प्लीज. मला तुमच्या नावावर टिक करायचीय."

फोन ठेवल्यावर काका बराच वेळ खिडकीत उभे होते. मी काही बोलले नाही. आणि माझ्यासाठी हे किती अवघड, ते मला ओळखणारी माणसं जाणतात.

पुढच्या शुक्रवारी आमच्याकडे ओल्या नारळाच्या करंज्या होत्या. काकू लाटत होती, मी भरत होते, जेवणाच्या टेबलावर ओल्या फडक्याखाली करंज्यांच्या रांगा. काका बरणीखालचं ते पाकीट घेऊन आले आणि म्हणाले, "जागा करा. मत द्यायचंय."

मला इतका आनंद झाला की मी कातणं हातातून टाकलंच. अर्धं टेबल रिकामं केलं, पुसलं, वर पेपर अंथरला. काकांनी मतपत्रिका उलगडली. केवढा तो कागद! मला वाटलं होतं, दोन नावं असतील, एकावर खूण केली की झालं. हा तर लग्नाच्या यादीएवढा लांब. काकांनी चष्मा बदलला, आखणीचं काळं पेन काढलं आणि मी मान वाकडी करून डोकावायला लागल्याबरोबर माझी स्टीलची परात उचलून मधे उभी केली.

"गुप्त मतदान, टीचरबाई. तुम्हीच शिकवता ना?"

परातीच्या पलीकडे काकांना दीड तास लागला. दीड तास! मधे उठून घरी गेले, कसलेसे जुने कागद आणले, ते चाळले. एकदा काकूला विचारलं, "आपल्या लायब्ररीतली ती बाई अजून आहे का गं? तुला मराठी पुस्तकं मागवून द्यायची ती?" काकू म्हणाली, "असेल." कागद उलटल्याचा आवाज आला. मी काकूला डोळ्यांनी विचारलं, दोघांतला एक निवडायला एवढा वेळ? काकूने खांदे उडवले. एकदा परातीमागून काकांचा हसण्याचा आवाज आला, अगदी बारीक, चोरून हसावं तसा. मग त्यांनी पाकीट चिकटवलं, वर सही केली आणि तूप लागलेले माझे हात बघून पाकीट लांब धरत म्हणाले, "झालं."

"दगड की वीट?" मी विचारलं.

"सांगणार नाही."

आता पुढे जे झालं ते सगळं माझं. काका म्हणाले, कुरिअरने पाठवतो. मी विचारलं, किती घेतात? म्हणाले, दीडशे दिरहम. "दीडशे? म्हणजे दोन हजार रुपये! एका पाकिटाला?" मला राहवेना. आपल्या लोकांत कुरिअरला पैसे घालणं म्हणजे नामुष्की. आपण आधी विचारतो, 'कोणी जाणारं आहे का?' परदेशात आपली निम्मी टपालव्यवस्था ह्या एका प्रश्नावर चालते. औषधं जातात, गोधड्या जातात, पत्रिका जातात, कुणाचं मंगळसूत्रसुद्धा गेलेलं मला माहीत आहे. आणि जाणारं होतंच. मकरंदच्या ऑफिसातला एकजण दोन दिवसांनी नेमका डेट्रॉइटलाच कामाला निघाला होता. श्रुतीला करंज्या त्याच्याबरोबर जायच्याच होत्या. तिथे उतरल्यावर पाकीट टपालपेटीत टाकायचं, डबा श्रुतीकडे पोचवायचा. यल्ला, म्हणजे चला, काम फत्ते!

बकलाव्याचा एक मोठा चौकोनी पत्र्याचा डबा मी जपून ठेवला होता. त्यात करंज्या भरल्या. आणि पाकीट? सुटं दिलं तर चुरगळेल, हरवेल. महत्त्वाची वस्तू कुठे ठेवायची हे मला माझ्या आईने शिकवलंय. कागदाखाली. आमच्या घरी कपाटात कागदाखाली पैसे असायचे, डब्यात कागदाखाली पावत्या, देव्हाऱ्यात कागदाखाली माझी गुणपत्रिका. तिथे ठेवलेलं कधी हरवत नाही. मी पाकीट प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, डब्याच्या तळाशी ठेवलं, वर दोन पदरी कागद, वर करंज्यांचे चार थर. आणि मकरंदला सांगितलं, "त्याला नीट सांग हं, तळाला पाकीट आहे."

मकरंद म्हणतो, मी त्याला असं काही सांगितलंच नाही. तो म्हणतो मी म्हटलं होतं, "मी फोन करून सांगते." ह्या विषयावर आमचं आठ वर्षं एकमत झालेलं नाही.

निकाल आमच्याकडे सकाळी लागला. स्टाफरूममध्ये सगळ्या टीचर रेडिओभोवती, पोरं वरांड्यात ओरडतायत, जशी काही त्यांच्याच मामाने निवडणूक जिंकलीय. श्रुतीचा पक्ष जिंकला होता. संध्याकाळी मी मोतीचूर घेऊन काकांकडे गेले. काका सोफ्यावर शांत बसले होते, पण चेहरा बरा होता. "बघू," म्हणाले, "लोक रडताना दिसले टीव्हीवर. खरंच रडत होते. बघू."

तेवढ्यात श्रुतीचा फोन. काकांनी हौसेने स्पीकर लावला, "अभिनंदन, बाळ!"

पलीकडून आवाज आला, "बाबा, यू टोल्ड मी यू व्होटेड."

"केलं ना. पाठवलं."

"माझ्याकडे लिस्ट आहे, बाबा. कोणाचं आलं, कोणाचं नाही आलं. मी शेवटपर्यंत बघत होते. तुमचं नाही आलं." तिचा आवाज फाटला. "नाही टाकायचं होतं तर नाही म्हणायचं. खोटं कशाला बोललात?"

फोन बंद झाला. काका म्हणाले, "टपालाला उशीर झाला असेल." हे त्यांनी तीनदा म्हटलं. काकूने लाडवांचा डबा उचलून आत नेला.

त्यानंतर शुक्रवारचे फोन थांबले. काकूशी ती बोलायची, दोन-चार वाक्यं, पण "बाबांना देऊ?" म्हटलं की, "नंतर." तो हिवाळा, म्हणजे आमच्याकडे खिडक्या उघड्या ठेवायचा काळ, सगळ्यांत सुंदर हवा. आणि शुक्रवारी दुपारी समोरच्या दारातून काहीच आवाज यायचा नाही. काका मला एकदा म्हणाले, "ह्या दोन पक्षांनी माझी नोकरी घालवली, गाव घालवलं, तेव्हा मी काही बोललो नाही. पण आता मुलगीसुद्धा?" मला भडभडून आलं. आग्रह माझा होता. मीच मागे लागले होते.

जानेवारीत वर्गात अनिशाच्या नावाला उत्तर आलं नाही. फेब्रुवारीत काकांच्या कंपनीने नाल्यांचं काम बंद केलं, आणि त्यांच्याबरोबर बऱ्याच जणांना घरी पाठवलं. खिडकीतून दिसणाऱ्या सातही क्रेन उभ्या. काकांनी निमूटपणे खोकी आणली. एप्रिलमध्ये मिशिगनला परत जायचं ठरलं, त्याच गावात, त्याच घरात, आणि मुलगी बोलत नाही.

खोकी बांधायला मी गेले होते. चिकटपट्टी माझ्या हातात, काका नकाशांच्या गुंडाळ्या करतायत, काकू भांड्यांना पेपर गुंडाळतेय, आणि फोन वाजला. काकूने उचलला, ऐकलं, आणि काही न बोलता स्पीकरचं बटण दाबलं.

"बाबा," श्रुती रडत होती की हसत होती कळेना. "बाबा, आय ॲम होल्डिंग युअर बॅलट. इट स्मेल्स ऑफ वेलची."

झालं होतं ते असं. मकरंदच्या ऑफिसातल्या त्या माणसाने डबा इमानाने पोचवला. श्रुती त्या दिवसांत दारोदार फिरत होती, खायला वेळ कुठला? तिने अख्खा डबा फ्रीजरमध्ये टाकला. अमेरिकेतले आपले लोक फ्रीजरमध्ये काय वाटेल ते टाकतात. मग निकाल लागला, मग राग आला, आणि रागात तिने पाच महिने त्या करंज्यांना हात लावला नाही. शेवटी आईबाबा परत येणार हे कळल्यावर त्या दिवशी डबा काढला, एकेक खात बसली आणि चार थर संपल्यावर कागद उचलला.

काकांनी फोनकडे बघितलं, मग सावकाश माझ्याकडे. "टीचरबाई," ते म्हणाले, "कागदाखाली?"

धरणी दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आणि काका हसायला लागले. त्या खोक्यांच्या मधे बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पलीकडे श्रुती नुसती "सॉरी बाबा, सॉरी बाबा" म्हणत होती.

"बाबा, उघडू?"

"अजिबात नाही. पेटीत पडलं नाही म्हणून गुप्त राहत नाही, असं कोणी सांगितलं?"

तिने ते तसंच ठेवलं. पुढे दर दिवाळीला मी फोनवर विचारायचे, "काका, आता तरी सांगा. दगड की वीट?" आणि ते म्हणायचे, "शिक्षिका असून असं विचारता? शोभतं का?" दोन वर्षांपूर्वी काका गेले. आजारपण नाही, काही नाही. घराबाहेर नाल्याच्या जाळीवरचा पाचोळा काढून आत आले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. काकूने मला फोन केला तेव्हा तेच पहिल्यांदा सांगितलं, जाळी साफ केली होती म्हणून.

तर आज सकाळी, शाळेची सुट्टी, खिडकी उघडी, मी नारळ खवत होते आणि श्रुतीचा फोन आला. काही वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "मावशी, मी ह्या वर्षी व्होट नाही करणार. बॅलट आलाय घरी. टेबलावर कोरा पडलाय." मी काही विचारायच्या आत पुढे बोलत सुटली. आठ वर्षांपूर्वी जी दारं ठोठावली, त्यांतली निम्मी घरं नंतर रिकामी झाली. बँका उभ्या राहिल्या, घरं नाही. तिचेच लोक सत्तेत होते, आणि तिचेच लोक असं का वागले ते तिला कुणी नीट सांगितलं नाही. आणि समोरच्या पक्षाकडे बघितलं तर अंगावर काटा येतो. "दगड अँड वीट, मावशी. बाबा वॉज राइट." तिचा आवाज ऐकून मला तिच्या बापाची मान आठवली.

"मी बाबांचं पाकीट उघडलं," ती म्हणाली. "आत्ता. उघडायला नको होतं, माहितीय. मला बघायचं होतं त्यांनी शेवटी काय केलं. मावशी, वरती दोघांपैकी कुणालाच नाही दिलंय. दोन्ही गोल कोरे आहेत. सी? ही गेव्ह अप टू."

मी खवणी बाजूला ठेवली. दोन्ही कोरे? परातीमागे दीड तास बसून दोन्ही कोरे? कागद उलटल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला होता.

"श्रुती," मी म्हटलं, "पान उलट."

फोनमध्ये खसफस झाली. मग ती वाचायला लागली, एकेक ओळ, हळूहळू. गटारनाल्यांचा अधिकारी: काळा केलेला गोल, आणि तोही इतका दाबून की पेन कागदाच्या आरपार. ग्रंथालयासाठी जादा कर: होय. न्यायाधीश: एकाला आहे, दुसरी जागा सोडलीय. उद्यानांची समिती: आहे. "ही डिड ऑल ऑफ इट, मावशी. प्रत्येक ओळ. मी आयुष्यात कधी हे पान वाचलं नाही. वरती एक खूण केली की सगळं पक्षाला जातं, मी तेच करते." मग पुढची ओळ. "शाळा समिती," ती म्हणाली, आणि पुढे काही बोलेच ना.

"काय झालं?"

"इथे छापलेल्या नावांना नाहीये. खाली एक रिकामी ओळ असते, आपल्याला हवं ते नाव लिहायला. बाबांनी लिहिलंय. त्यांच्या त्या आखणीच्या अक्षरात." ती नाक ओढत होती, आणि हसतही होती. "वंदना जोगळेकर, करामा."

खाली बस थांबली, दार उघडलं, लागलं. मला ते चोरून हसणं ऐकू आलं, परातीच्या पलीकडचं. मला आयुष्यात एक मत मिळालं होतं. मत नसलेल्या बाईला, मिशिगनच्या एका गावाच्या शाळा समितीसाठी. आणि ते मी माझ्या हातांनी, माझ्याच करंज्यांखाली, दोन पदरी कागद घालून दाबून टाकलं होतं. मी पदराने डोळे पुसायला गेले आणि लक्षात आलं, अंगात गाऊन आहे.

"मी भरते माझा बॅलट," श्रुती तिकडे म्हणत होती. "मागून सुरुवात करते. शाळा समितीला कोण उभं आहे तेसुद्धा मला माहीत नाही, बघावं लागेल. पुढचं पान नंतर बघू." आणि मग, माझ्याकडून काहीच आवाज येईना म्हणून, "मावशी? आर यू देअर?"

"प्रेझेंट," मी म्हटलं.